एक्लिप्स

एक्लिप्स : (१ एप्रिल १७६४–फेब्रुवारी १७८९). इंग्लंडमधील एक अजिंक्य थरोब्रेड शर्यतीचा घोडा. कंकणाकृती सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मल्यामुळे त्यास हे नाव मिळाले. कलॉडनच्या लढाईतील (१७४६) विजेता सेनापती ड्यूक ऑफ कंबरलंड याच्या अश्वशाळेत त्याची पैदास झाली. मार्स्क हा त्याचा पिता व स्पिलेट्टा ही माता. पित्याकडून तो डार्ली अरेबियन या पूर्वेकडून आणलेल्या घोड्याच्या वंशातला, तर मातेकडून गडॉल्फिन अरेबियनच्या वंशातला होता. रंगाने तो तांबूस असून त्याच्या कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा होता व मागील उजवा पायही पांढरा होता. जॉर्ज स्टब्झ या चित्रकाराने काढलेल्या चित्रांत हे सर्व स्पष्ट दिसते.

ड्यूक १७६५ मध्ये निधन पावला. त्याच्या घोड्यांच्या लिलावात विल्यम वाइल्डमन या मांसाच्या व्यापाऱ्याने हे शिंगरू ७५ गिनींना विकत घेतले. घोडा तापट होता. पाच वर्षांचा होईपर्यंत तो शर्यतीत उतरला नाही. ३ मे १७६९ रोजी एप्सम येथे चार मैलांच्या (सु. ६·४ किमी.) फेऱ्यांची त्याची पहिली शर्यत झाली. पहिली फेरी त्याने सहज जिंकल्यावर डेनिस ओकेली या आयरिश जुगाऱ्याने दुसऱ्या फेरीचा पूर्ण क्रम सांगण्याची पैज लावली व ‘एक्लिप्स पहिला, बाकीचे कुठेच नाहीत’ असे भाकीत केले, असे सांगतात. ही निव्वळ बढाई नव्हती. विजेत्यापेक्षा २४० यार्डांहून (सु. २२० मी.) अधिक मागे राहिलेल्या घोड्यास त्या काळी क्रमांकच मिळत नसे. भाकीत खरे ठरले.

ओकेलीने आधी ६५० व नंतर ११०० गिनी देऊन घोड्याची संपूर्ण मालकी मिळविली. एप्रिल १७७० मध्ये न्यूमार्केट येथे एक्लिप्सने ब्यूसेफॅलस या नामांकित घोड्याचा पराभव केला. ऑक्टोबर १७७० पर्यंत त्याने १८ शर्यती जिंकल्या. त्यांपैकी ११ राजाच्या नावे दिल्या जाणाऱ्या पारितोषिकांच्या, भारी वजन वाहून धावण्याच्या होत्या. अनेक शर्यतींत मात्र प्रतिस्पर्धीच उतरले नाहीत, तेव्हा हा आकडा काहीशा सावधपणेच वाचावयास हवा. त्याच्यावर पैज घेण्यास कोणी तयार होईना, म्हणून त्याची शर्यतीतील कारकीर्द संपुष्टात आली.

ओकेली पूर्वी कर्जापायी तुरुंगात गेलेला होता व त्याची सहचरी लंडनमध्ये कुंटणखाना चालवीत असे. देशातील सर्वोत्तम घोडा पदरी असूनही उमरावांच्या जॉकी क्लबने त्यास अखेरपर्यंत सभासद करून घेतले नाही. घोड्यास मात्र हा दरवाजा बंद नव्हता. उमरावांच्या घोड्या एक्लिप्सकडे येतच राहिल्या. यंग एक्लिप्स (१७८१), सॉल्ट्रम (१७८३) व सार्जंट (१७८४) या त्याच्या पुत्रांनी डर्बी जिंकली; त्यांतील पहिला व तिसरा ओकेलीचेच होते. तथापि प्रजेच्या यशात त्या काळी अग्रस्थान हेरड या घोड्याचे होते, एक्लिप्सचे नव्हे.

एक्लिप्सचे खरे महत्त्व नंतर प्रकट झाले. पॉटेटोज व किंग फर्गस या पुत्रांकरवी त्याची शाखा विस्तारत गेली व आज जगातील सु. ९५% थरोब्रेड घोड्यांचा पितृवंश त्याच्यापर्यंत पोहोचतो. यावरून त्यांच्या अंगी बहुतांशी त्याचेच रक्त आहे असे मानण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा होय. पितृवंश ही वंशावळीतील केवळ एक ओळ असते. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या आनुवंशिक अभ्यासात एकूण जनुकीय वाट्यात गडॉल्फिन अरेबियन हा डार्ली अरेबियनच्या पुढे आढळला.

ओकेली १७८७ मध्ये मरण पावल्यावर वृद्ध एक्लिप्सला पुढील वर्षी खास बनविलेल्या गाडीतून एप्समहून मिडलसेक्समधील कॅनन्स येथे हलविण्यात आले. तेथे पोटशुळाने त्याचा अंत झाला. फ्रेंच पशुवैद्य शार्ल व्ह्याल द सँबेल याने त्याचे शवविच्छेदन केले, हृदयाचे वजन १४ पौंड (सु. ६·३ किग्रॅ.) भरले. त्याने घेतलेली अवयवांची मापे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि १७९१ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा तो पहिला प्राध्यापक झाला. पुढे एक्लिप्सचे म्हणून अनेक सांगाडे दाखविले जाऊ लागले. त्यांपैकी अस्सल मानला जाणारा सांगाडा याच महाविद्यालयाच्या (आताचे रॉयल व्हेटरिनरी कॉलेज) हर्टफर्डशरमधील आवारात जतन केलेला आहे.