आफ्टरमार्केट भाग, मोटारसायकलचे

गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर मूळ उत्पादकाच्या भागाऐवजी किंवा त्याच्या जोडीला बसवलेला, दुसऱ्या कोणी बनवलेला भाग. मूळ कंपनीचा खोटा शिक्का मारलेला डुप्लिकेट माल यात धरलेला नाही. अशा भागांची जाहिरात बहुधा दोन गोष्टींवर चालते : गाडीची ताकद वाढते, किंवा देखभाल वाचते. या नोंदीत मुख्यतः दुसरा दावा तपासला आहे. भाग बदलल्याने देखभाल क्वचितच संपते. ती एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकते, आणि पुष्कळदा मालकाच्या हातून दुकानदाराच्या हाती जाते. म्हणून भाग किती टिकेल हे पाहण्याआधी तो बिघडल्यावर कोण, कुठे आणि कोणत्या हत्यारांनी दुरुस्त करील, हे पाहिले पाहिजे.

प्रज्वलन : या मुद्द्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे बिडाच्या सिलिंडरची जुनी 350 बुलेट. 1955 साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाच्या या 346 घन सेंमी. इंजिनात ठिणगी पॉइंटमुळे पडते. फिरत्या कॅमचा उंचवटा आला की पॉइंट उघडतो, कॉइलच्या प्राथमिक वेढ्यातला प्रवाह तुटतो आणि दुय्यम वेढ्यात प्लगपुरता दाब तयार होतो. पॉइंटमधली फट 0.35 ते 0.40 मिमी. ठेवावी लागते. कॅमवर घासणारी टाच झिजते, फट कमी होते, टायमिंग मागे पडते आणि गाडी ओढेनाशी होते. पण हा बिघाड हळूहळू येतो आणि आधी सूचना देतो : सकाळी जास्त किका माराव्या लागतात, चढावर मिसिंग जाणवते, पॉइंटची तोंडे काळवंडतात. त्यावरचा उपायही रस्त्याच्या कडेला होतो. झाकण काढायचे, पॉलिश पेपरने तोंडे साफ करायची, फीलर गेज लावून फट जुळवायची आणि स्क्रू आवळायचा. कंडेन्सर गेला असेल तर खिशातला दुसरा जोडायचा.

याच जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच बसवला की घासणारा भाग उरत नाही. चुंबकीय पिकअप इशारा देतो आणि ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. फट जुळवायचे काम संपते, टायमिंग स्थिर राहते, गाडी लवकर सुरू होते. हा लाभ खरा आहे आणि रोज शहरात गाडी चालवणाऱ्याने तो जरूर घ्यावा. मात्र राळेत बंद केलेले युनिट उष्णतेने किंवा हादऱ्यांनी निकामी झाले, तर बहुधा एकदमच होते. ते उघडत नाही, घासून सुधारत नाही, आणि लहान गावातल्या गॅरेजात त्याचा जोड मिळेलच असे नाही. बॅटरी फार उतरली असेल तर काही युनिटे ठिणगीच देत नाहीत, त्यामुळे पूर्वी दुर्लक्षिलेली चार्जिंगची देखभाल आता अनिवार्य ठरते. आणखी एक गोष्ट जाहिरातीत सहसा नसते. टायमिंग पुढे नेणारी वजने व स्प्रिंगा बऱ्याच संचांत जुन्याच राहतात. पॉइंट गेले म्हणून ते झाकण वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही, खालच्या पिना कोरड्या पडतात, वजने अडकतात, आणि दोष मात्र नव्या युनिटला दिला जातो.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, पॉइंट इतके सोयीचे असते तर कारखान्यांनीच ते का सोडले? 2010 च्या सुमारास बुलेटमध्ये एकसंध बांधणीचे नवे इंजिन सर्वत्र आले, त्याची ठिणगी इलेक्ट्रॉनिकच होती. पण कारखाना सगळी गाडी त्या भागाभोवती आखतो : अल्टरनेटर, बॅटरी, वायरिंग आणि सुट्या भागांचा पुरवठा एकमेकांशी जुळलेला असतो. बाहेरून आणलेल्या संचामागे ही साखळी नसते. म्हणून संच बसवणाऱ्याने काढलेली पॉइंटची प्लेट, कंडेन्सरसह, गाडीच्या टूलबॉक्समध्ये ठेवावी. जुन्या तारा न कापता कपलर लावून जोडणी केली असेल, तरच या प्लेटचा वाटेत उपयोग होईल.

हवा व धूर : कापडी जाळीचा तेलकट फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो, पण कागदी फिल्टर नुसता बदलायचा असतो, तर हा धुवायचा, वाळवायचा आणि मोजके तेल लावायचा. मराठवाड्यातल्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर हे काम वारंवार पडते. फिल्टरच्या पुढच्या रबरी नळीत पांढरे फडके फिरवून पाहावे. धूळ लागली तर ती इंजिनात जात आहे. मोकळा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर एकत्र बसवले तर कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होते व मेन जेट मोठा करावा लागतो. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे आपोआप सावरतो असे सांगतात. ते हलक्या चालीपुरते बरोबर आहे. पूर्ण थ्रॉटलला साधा सेन्सर उपयोगी पडत नाही. सायलेन्सरची पट्टी नीट बसली नाही तर त्याचा भार एक्झॉस्टच्या स्टडवर येतो आणि हेडमधले आटे जातात.

विद्युत : मूळ 60/55 वॅटच्या जागी 100/90 वॅटचा बल्ब लावला, तर 12 व्होल्टवर प्रवाह साधारण 5 अँपिअरवरून 8 च्या वर जातो. स्विच, होल्डर व तारा त्यासाठी बनलेल्या नसतात. रिले व जाड तार घातल्याशिवाय हा बदल करू नये. तार सोलून, पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो.

चेन, ब्रेक, सस्पेन्शन : ओ-रिंगची चेन जास्त टिकते, पण ती पेट्रोलने धुऊ नये. सिंटर्ड ब्रेक पॅड डिस्क लवकर खातात.

‘मूळ भाग तरी कारखाना कुठे स्वतः बनवतो?’ हा दुसरा आक्षेप. तो वजनदार आहे. छत्रपती संभाजीनगरची एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज वाहन कारखान्यांना शॉक ॲब्सॉर्बर व ब्रेक पुरवते आणि सुट्या भागांच्या बाजारातही उतरते. यावरून बनावटीचा दर्जा कळतो. त्या विशिष्ट गाडीच्या वजनाला स्प्रिंग योग्य आहे का, हे त्यावरून कळत नाही. यामाहा आरएक्स 100 सारख्या, 1996 नंतर बंद झालेल्या गाड्यांच्या बाबतीत तर बाहेरच्या भागांवाचून पर्यायच नाही. तेथे निवड दोन बाहेरच्या भागांमधली असते, आणि उघडून दुरुस्त होणारा भाग त्यातल्या त्यात बरा.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने कलम 182-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. कोणता किरकोळ बदल यात मोडतो याबाबत एकवाक्यता नाही. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर मात्र महाराष्ट्रात सातत्याने कारवाई होते; जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनी रोड रोलरखाली चिरडले आहेत.