पीठ, तूप, साखर : नानखटाईचा प्रवास

रमजानचा शेवटचा अशरा लागला की कड्यासारख्या गावात घरोघर दोन कामांची घाई सुरू होते. एक शिलाईचे, दुसरे नानखटाईचे. शीरखुर्मा ईदच्या सकाळी होतो. नानखटाई मात्र आधीच डब्यात पडावी लागते. आमच्या लहानपणी मैदा, तूप आणि साखर देऊन आम्हाला बेकरीकडे पिटाळले जाई. तरावीहनंतर भट्टीपुढे डब्यांची रांग लागे. प्रत्येक डब्यात नावाची चिठ्ठी असे, आणि आपल्या पिठाची खटाई आपल्याच डब्यात परत यावी म्हणून आम्ही पोरे राखण करीत बसत असू. दिवाळीच्या आधी त्याच भट्टीपुढे, त्याच रांगेत हिंदू शेजाऱ्यांची मुले बसलेली असत. आता पाकिटे दुकानातच मिळतात. मुलांना राखणीला बसण्याची गरज उरलेली नाही.

म्हणून 2025 च्या फेब्रुवारीत, शाबान महिन्यातल्या एका शनिवारी, आम्ही वर्गातच नानखटाई करायचे ठरवले. भट्टी नव्हती. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवली, वर ताटली ठेवली, झाकण लावले. प्रमाण सोपे होते : दोन वाट्या मैदा, एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, थोडा रवा, वेलची आणि चिमूटभर सोडा. पाण्याचा थेंब नाही. तूप पिठाच्या कणाकणाला चिकटते, म्हणून पीठ चिवट होत नाही आणि खटाई तोंडात विरघळते. गोळे वळता वळता एका मुलाने विचारले, "सर, ये चीज असल में कहाँ की है?"

प्रश्न साधा वाटला, पण आपल्या मुलांना हा प्रश्न खाण्याबद्दलच नव्हे, स्वतःबद्दलही ऐकावा लागतो. म्हणून उत्तर टाळणे बरे वाटले नाही.

नावापासून सुरुवात केली. नान म्हणजे फारसीत रोटी. 'खता' हे उत्तर चीनचे जुने फारसी नाव; त्यावरून खताई, म्हणजे खता देशाची रोटी, असे एक मत आहे. पदार्थ मात्र चीनचा म्हणून कोणी ओळखत नाही. सुरतचे लोक त्यावर आपला हक्क सांगतात. तेथे डच व्यापाऱ्यांची वखार होती. डच गेल्यावर त्यांची भट्टी एका पारशी कारागिराकडे आली आणि त्याच्या हातून नानखटाईला आजचे रूप आले, अशी हकिगत सांगितली जाते. म्हणजे नाव फारसी, भट्टी डच, कारागीर पारशी आणि गाव गुजरातचे!

त्याहून मागे गेलो तर बगदाद लागते. दहाव्या शतकात इब्न सय्यार अल-वर्राक याने तेथे पाककृतींचा मोठा ग्रंथ रचला. पुढे 1226 साली मुहम्मद बिन हसन अल-बगदादी याने 'किताब अल-तबीख' लिहिले. त्यात 'खुश्कनानज' नावाचा पदार्थ आहे. हे नाव मूळ फारसी 'खुश्क नान', म्हणजे कोरडी रोटी, यावरून आलेले. चार भाग मैदा, एक भाग तिळाचे तेल. आत बदाम, साखर, गुलाबपाणी. आणि मग भट्टी. ही आपली नानखटाई नव्हे, पण तिच्या खानदानातली नक्कीच. सीरिया-लेबनॉनकडे आजही 'गुरैबा' करतात, त्यात तेच पीठ, तूप, साखर. तिकडचा 'मामूल' लाकडी साच्यात ठोकून भाजतात. तो मुसलमान ईदला करतात आणि ख्रिस्ती ईस्टरला. तुर्कस्तानात उस्मानी सुलतानांच्या काळी 15 रमजानला महालाच्या मुदपाकखान्यातून जानिसारी फौजेला बकलावा वाटत. दहा शिपायांमागे एक परात. 1826 साली ती फौजच मोडली, तेव्हा ती मिरवणूक संपली, बकलावा राहिला.

इतक्या दूर स्कॉटलंडमध्येही शॉर्टब्रेड नावाची खटाईच आहे : तीन भाग पीठ, दोन भाग लोणी, एक भाग साखर. आणि इंग्लंडच्या श्रूझबरी गावाचे नाव घेतलेली बिस्किटे आज पुण्याची म्हणून ओळखली जातात. ती प्रसिद्ध केली 1955 साली सुरू झालेल्या इराण्यांच्या कयानी बेकरीने. आम्ही ही प्रमाणे फळ्यावर मांडली. मुलांनी गुणोत्तरे काढली आणि निष्कर्षही काढला, "सर, सब जगह वही तीन चीजां हैं."

त्या तीनपैकी साखरेचे मूळ आपल्याच मुलखात आहे. संस्कृत शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर, इंग्रजी शुगर आणि आपली मराठी साखर, हे सगळे एकच शब्द. अरबांनी ऊस मिसर, सिसिली आणि स्पेनपर्यंत नेला. कोलंबसाने 1493 च्या दुसऱ्या सफरीत तो अमेरिकेकडे नेला, आणि तेथे उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून लाखो माणसे गुलाम करून नेली गेली. जगभरच्या मिठाया स्वस्त झाल्या त्या या घामावर.

एवढे सांगून होते तोच मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, शक्कर का ऊस तो हमारे अम्मी-अब्बा तोडते." ती दादीजवळ राहून शाळा शिकते. आई-वडील मुकादमाची उचल घेऊन दसऱ्यानंतर गेलेले. आपल्या बीड जिल्ह्यात हे नवल नाही. शेजारच्या नगर जिल्ह्यात, प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याला आता पंचाहत्तर वर्षे झाली. त्या वाटेवर पुढे कारखानेच कारखाने झाले. त्यांना ऊस पुरवणारे हात मोठ्या प्रमाणावर बीडचे. नवरा-बायकोची जोडी हिशेबात 'एक कोयता' म्हणून मोजली जाते. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने होते, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

चांद्रवर्षामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. 2025 ची ईद 31 मार्चला झाली. पुढली काही वर्षे ती हंगामातच येणार, आणि काही घरांची ईद फडावर, कोपीतच होणार. ज्यांनी तोडलेल्या उसाची साखर साऱ्या गावाच्या खटाईत पडते, त्यांच्याच हाती ईदच्या दिवशी खटाई असेल की नाही, सांगता येत नाही.

त्या दिवशी साठ-सत्तर खटाया झाल्या. काही करपल्या, काही पसरून एकमेकींना चिकटल्या. वाटणीची वेळ आली तेव्हा मुलांनी आपसांत ठरवून एक डबा बाजूला काढला. त्या मुलीचे चाचा दोन दिवसांनी फडावर जाणार होते. डब्यावर तिने उर्दूत अम्मीचे नाव लिहिले. खाली मराठीत मुकादमाचे आणि गावाचे नाव दुसऱ्या मुलाने लिहून दिले, कारण डबा हातोहात जायचा होता आणि तो वाचणारा कोण असेल, हे ठाऊक नव्हते.

नानखटाई कोठली, या प्रश्नाचे उत्तर आम्ही फळ्यावर लिहिले नाही. खटाई चीनची, इराणची की सुरतची, हे इतिहासकारांनी ठरवावे. ज्या चुलीवर ती भाजली, ज्याच्या घामाची साखर तिच्यात पडली आणि ज्याच्या दस्तरखानावर ती पोचली, ते गाव तिचे. आपल्या मुलांनीही आपले वतन याच हिशेबाने सांगावे. तेवढ्यासाठी तरी, पाकीट फोडण्याआधी वर्षातून एकदा मुलांचे हात पिठात भरू द्यावेत.