धडगावचे पाडे आणि ‘न परवडणारा’ रस्ता

सातपुड्यातल्या पाड्यांच्या रस्त्यांविषयी एक मत महाराष्ट्रात इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असे कोणालाच वाटत नाही. सरकारी कचेऱ्यांत ते ऐकू येते, शहरातल्या चर्चांत ते डोकावते, आणि आदिवासींविषयी खरी आस्था असलेली माणसेही हळहळत का होईना, तेच बोलतात. मत चुकीचे आहे एवढे म्हणून भागणार नाही. आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळासह मांडला पाहिजे.

पूर्वपक्ष असा. धडगाव हे ज्याचे ठाणे, तो नंदुरबार जिल्ह्यातला अक्राणी तालुका म्हणजे डोंगर आणि दऱ्या. उत्तरेला नर्मदा, मध्ये सातपुड्याच्या रांगा. वस्ती एकगठ्ठा नाही. एकेका गावाचे अनेक पाडे, तेही वेगवेगळ्या टेकड्यांवर, आणि काही पाड्यांत घरे अगदी थोडी. अशा प्रत्येक पाड्याला बारमाही रस्ता करायचा तर खर्च अफाट, आणि पहिल्याच पावसाळ्यात तो वाहून जाणार. वाटेत जंगल, म्हणजे कायदा आडवा. शिवाय दिवाळीनंतर घरेच्या घरे गुजरातेत ऊसतोडीला आणि मजुरीला जातात. मग रस्ता कोणासाठी? शासनाने काही केले नाही असेही नाही. धडगावपर्यंत डांबर आहे, तिथे नगरपंचायत आहे, ग्रामीण रुग्णालय आहे. गावेही जोडलेल्या गावांच्या यादीत आली आहेत. नदीकाठासाठी बोट-ॲम्ब्युलन्स आहे. याहून अधिक मागणे म्हणजे भावनेच्या भरात तिजोरी रिकामी करणे.

हे मत मांडणारे निष्ठुर नाहीत. त्यांच्यातल्या कित्येकांनी या डोंगरांत पायी फिरून कामे केली आहेत. डोंगर अवघड आहे हे त्यांचे म्हणणे खरे, रस्ता सपाटीपेक्षा महाग पडतो हेही खरे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र एकाही पायावर उभा राहत नाही.

‘गावे जोडली’ हे वाक्य आधी पाहू. अहवालात ते बरोबर असते, आणि तिथेच सगळी गफलत आहे. सपाटीवरच्या गावाला एक पांढरी असते. रस्ता वेशीपर्यंत पोहोचला की गाव जोडले जाते. अक्राणीत महसुली गाव म्हणजे डोंगराच्या दोन-तीन सोंडांवर पसरलेले पाडे. त्यातल्या सर्वांत खालच्या पाड्याला रस्ता टेकला की गावाच्या नावापुढे खूण पडते. वरच्या पाड्याचा माणूस त्या रस्त्यापर्यंत यायला नाला ओलांडतो, चढ चढतो, पुन्हा उतरतो. कागदावर मात्र तो ‘जोडलेल्या गावात’ राहतो. हा कोणाचा खोटेपणा नाही, चुकीच्या मापाचा परिणाम आहे. आणि माप चुकले असेल तर त्या मापाने काढलेली टक्केवारी पुरावा म्हणून कशी चालेल?

माप बदलायला कायद्याची आडकाठी आहे काय? उलट आहे. अक्राणी तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो आणि तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्या कायद्याच्या कलम ४(ख) प्रमाणे गाव म्हणजे सामान्यतः एखादी वस्ती वा वस्त्यांचा समूह, पाडा वा पाड्यांचा समूह, जिथला समाज आपला कारभार आपल्या रूढी-परंपरेप्रमाणे चालवतो. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी तर पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करण्याची रीतही घालून दिली. संसदेने पाड्याला गाव म्हटले आहे. रस्त्याच्या हिशेबात तो अजून गावाचा एक कोपराच आहे.

पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिने सपाटीवर ५०० आणि डोंगरी, वाळवंटी व आदिवासी भागात २५० लोकसंख्येची अट ठेवली, आणि मोजणीसाठी एकक धरले ते वस्ती हे. म्हणजे दिल्लीच्या योजनेलाही महसुली गावापेक्षा वस्ती महत्त्वाची वाटली. मग अडचण कुठे येते? अडीचशेच्या उंबरठ्यावर. दीडशे माणसांचा पाडा त्याखाली राहतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात शंभराची सवलत आहे, पण ती नक्षलग्रस्त भागासाठी. आदिम जमातींसाठीच्या पीएम-जनमन योजनेतही शंभराची अट आहे. पण त्या यादीत महाराष्ट्रातून कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. धडगावचे भिल्ल आणि पावरा त्यात बसत नाहीत. दरी मात्र तितकीच खोल असते. चौथ्या टप्प्याची लोकसंख्याही २०११ च्या जनगणनेची. तेव्हा दोनशे माणसे असलेला पाडा आज अडीचशेच्या पुढे गेला असेल, तरी योजनेच्या लेखी तो दोनशेचाच.

राज्याने पाडे जोडण्यासाठी भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजना जाहीर केली, आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. राज्य ज्या गोष्टीसाठी स्वतंत्र योजना काढते, ती गोष्ट अशक्य आहे असे राज्याच्याच कारभाराचे समर्थक कसे म्हणू शकतात?

आता खर्च. चौथ्या टप्प्यासाठी केंद्राने ६२,५०० किलोमीटर रस्त्यांकरिता ७०,१२५ कोटी रुपये धरले आहेत. म्हणजे किलोमीटरला सरासरी सव्वा कोटीच्या आत. डोंगरात हा आकडा वाढेल. वाद नको म्हणून तिप्पट धरू. त्याच राज्यात ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाला, ज्याचा खर्च सुमारे ५५ हजार कोटी सांगितला गेला. किलोमीटरला ७८ कोटींहून अधिक. तो व्हायला नको होता असे मी म्हणत नाही. पण त्याच्या एका किलोमीटरच्या पैशात, तिप्पट दर धरूनही, सातपुड्यात वीस किलोमीटरांहून अधिक रस्ता होतो. तेव्हा ‘परवडत नाही’ हा तिजोरीचा निर्णय नाही. अग्रक्रमाचा आहे. अग्रक्रमावर वाद घालता येतो, आणि घातलाच पाहिजे.

‘वाहून जातो’ हे म्हणणे अर्धे खरे आहे. धडगावच्या वाटेवरच्या चांदसैली घाटात दरडी कोसळतात. सप्टेंबर २०२१ मध्ये तो घाट बंद असताना एका आजारी बाईला तिच्या नवऱ्याने खांद्यावर घेऊन दवाखान्याची वाट धरली; ती वाटेतच गेली. पण डोंगरातला रस्ता मोडतो तो बहुधा पाण्याने. वरच्या अंगाला पाणी अडवून वळवणारा चर नाही, कडेला गटार नाही, नाल्यावर पुरेशी मोरी नाही, उताराला दगडी पिचिंग किंवा जाळीत बांधलेल्या दगडांची भिंत नाही, आणि अंदाजपत्रकातली बरीचशी रक्कम डांबराच्या थरावर. असा रस्ता जुलैत खचला तर दोष कोणाचा, डोंगराचा की आराखड्याचा? शहाद्याहून तोरणमाळला जाणारा घाट याच सातपुड्यातला आहे. हजार मीटरांहून अधिक उंचीवर पर्यटकांच्या गाड्या पोहोचतात, कारण तो रस्ता टिकवायचा असे ठरले आणि त्याच्या डागडुजीला पैसा दिला गेला. तोच खडक, तोच पाऊस.

एक बारीकशी वाटणारी गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्यावर बरेच अडते. ज्या वाटेला रस्ते विकास आराखड्यात क्रमांक नाही, ती ‘ग्रामीण मार्ग’ ठरत नाही. जी ग्रामीण मार्ग नाही, तिच्या दुरुस्तीला नियमित पैसा मिळत नाही. श्रमदानाने किंवा रोजगार हमीतून काढलेला मातीचा रस्ता दोन पावसाळ्यांत पुन्हा पायवाट होतो तो त्यामुळे. क्रमांक द्यायला डोंगर फोडावा लागत नाही. ठराव लागतो.

जंगलाचा आक्षेप सर्वांत वजनदार, म्हणून त्याला सर्वांत जास्त जागा. रस्ता गेला की लाकूडचोर जातो, ही भीती निराधार नाही. सातपुड्याने ठेकेदारांचे ट्रक पाहिले आहेत. पण कायदा खरोखर आडवा आहे का? वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) पाहा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या तारा, पिण्याचे पाणी, रस्ते अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देण्याची तरतूद त्यात आहे. अटी तीन: प्रत्येक प्रकरणी जमीन एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. सहा मीटर रुंदीचा पट्टा धरला तर एक हेक्टरात सुमारे दीड किलोमीटर रस्ता बसतो. कितीतरी पाड्यांना मुख्य रस्त्याशी जोडणारा तुटलेला दुवा तेवढाच असतो. म्हणजे आडवा येतो असे ज्याला म्हणतात, त्याच कायद्यात दार आहे. ते दार ठोठावायला ग्रामसभेचा ठराव आणि पुढे तो ठराव टेबलांवरून हलवणारा माणूस हवा.

आणि मुळात जंगलाचा हिशेबच करायचा, तर पुरता करू. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची ९,५९९ हेक्टर जमीन गेली. त्यातले ६,४८८ हेक्टर जंगल होते. अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली ३३ गावे बाधित ठरली. १९७९ च्या नर्मदा लवादाने त्या धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राला दिला. विजेसाठी साडेसहा हजार हेक्टर जंगल पाण्याखाली घालायला राज्याने संमती दिली. त्याच डोंगरातल्या पाड्याला एक हेक्टर देताना जंगलाची आठवण व्हावी, हे न्यायाच्या कोणत्या तराजूत बसते? अक्राणीतल्याच बिलगावच्या लोकांनी २००३ मध्ये स्वतःच्या श्रमदानाने धबधब्यावर छोटा वीजप्रकल्प उभा केला. २००६ मध्ये तोही त्याच धरणाच्या फुगवट्यात बुडाला. या लोकांना विकास नको आहे असे पुन्हा कोणी म्हणू नये.

स्थलांतराच्या मुद्द्याला उत्तर एका ऋतुचक्रात आहे. माणसे दिवाळीनंतर जातात आणि होळीच्या सुमारास परत येतात. जून ते ऑक्टोबर पेरणी, निंदणी, कापणीला सगळे घरी असतात, आणि वाटही त्याच महिन्यांत बंद होते. म्हणजे पाडा भरलेला असतो तेव्हाच रस्ता नसतो. शिवाय माणसे जातात ती कशामुळे? चैत्र-वैशाखात इथल्या घराघरांत कैऱ्या सोलून, चिरून, खडकावर वाळत घालतात. पांढराशुभ्र वाळला तर आमचूर चांगल्या भावाने जातो. अवकाळीचा एक शिडकावा झाला की काळा पडतो आणि भाव पडतो. तो वेळेत धडगावच्या बाजारात नेणे डोक्यावरच्या गाठोड्याच्या वेगाने होते. सीताफळाला तर एवढीही उसंत नसते. पिकले की दोन दिवसांत संपले. रस्ता नसल्यामुळे जो माल मातीमोल होतो, तोच माणसाला उसाच्या फडात पाठवतो. स्थलांतर हे रस्ता न करण्याचे कारण नाही. रस्ता न केल्याच्या परिणामांपैकी ते एक आहे.

मग पर्यायी सेवा. बोट-ॲम्ब्युलन्स ही चांगली सोय आहे आणि तिच्यावर काम करणाऱ्यांबद्दल आदरच आहे. पण ती काठाची सोय आहे, कड्यावरच्या पाड्याची नाही. १०८ ची गाडी रस्ता संपेल तिथे थांबते. तिथून पुढे झोळी. बांबूला गोधडी किंवा धडस साडीची दोन टोके घट्ट बांधतात, बाळंतवेणा सुरू झालेल्या बाईला त्यात आडवे करतात, पुढे एक खांदा, मागे एक. चढावर पुढच्याने वाकायचे, उतारावर मागच्याने, नाहीतर झोळी घसरते. दर थोड्या अंतरावर खांदे बदलतात, म्हणून चार-सहा जण लागतात. एक बाई हातात कंदील किंवा मोबाईलचा उजेड घेऊन पुढे चालते. ‘विखुरलेले पाडे’ हा शब्दप्रयोग करणाऱ्या प्रत्येकाने हे दृश्य डोळ्यांसमोर ठेवून आपला हिशेब पुन्हा मांडावा.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. ओळख सर्वांत आधी पोहोचली. तिच्यावर मिळायचे धान्य मात्र आजही डोक्यावरून चढते. एसटीचे तेच. ‘गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एसटी’ हे महामंडळाचे ब्रीद. त्यातला पहिला अर्धा भाग पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याचा दोष चालकाला आणि आगाराला देता येत नाही.

राहिला शेवटचा सल्ला: त्यांनी खाली उतरून यावे. धरणासाठी जे उतरले, त्यांतल्या अनेकांनी जमिनीच्या तुकड्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली. आणि पाडे विखुरलेले आहेत ते अडाणीपणाने नव्हे. डोंगरात सपाट जमीन एका जागी सापडत नाही. जिथे शेत तिथे घर, म्हणजे राखणही होते आणि गुरेही सांभाळली जातात. ही वस्तीची पद्धत डोंगर समजून घडलेली आहे. आता कारभाराने ती समजून घ्यायची आहे.

वाचकहो, दोन्ही बाजू आपल्यापुढे आहेत, निवाडा आपण करा. माझी मागणी मोठी नाही. नंदुरबार जिल्हा परिषदेने अक्राणीची पाडानिहाय यादी करावी: पाड्याचे नाव, आजची माणसे, बारमाही रस्त्यापासूनचे पायी अंतर, वाटेतले नाले, वाटेला क्रमांक आहे की नाही, वनहक्काच्या कलम ३(२) चा ठराव झाला की नाही, झाला असेल तर तो कोणत्या टेबलावर आहे. ही यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि धडगावच्या पंचायत समितीत लावावी, आणि दर पावसाळ्याआधी नवी करावी. ‘जोडलेली गावे’ हा रकाना त्या दिवसापासून अहवालातून काढून टाकावा.