बाटलीत भरण्याजोगी बिअर
घरी केलेली बिअर आंबून पुरी झाली, हे केवळ बुडबुडे थांबल्यावरून ठरवू नये. भांड्याचे झाकण सैल असले तरी ते दिसेनासे होतात. खात्रीची खूण घनतेची. हायड्रोमीटर उंच नळीतल्या नमुन्यात सोडून, चिकटलेले बुडबुडे सुटावेत म्हणून किंचित फिरवून, द्रवाच्या पातळीवरचा आकडा वाचतात. साध्या एलमध्ये तो १.०४५च्या आसपास सुरू होऊन १.०१०च्या जवळ उतरतो. दोन-तीन दिवसांच्या अंतराने आकडा तोच आला, तरच बाटल्या भराव्यात. मात्र तो १.०२०लाच अडला, तर थंडीने यीस्ट सुस्तावले असण्याचा संभव असतो. अशी बिअर भरणे धोक्याचे: उरलेली साखर बंद बाटलीत आंबते, दाब वाढतो आणि काच फुटून गंभीर इजा होऊ शकते.