मागील पानावरून पुढे

जमाखर्चाची वही लिहिणाऱ्या माणसाला ‘मागील पानावरून पुढे’ हे शब्द नवे नाहीत. एका पानाच्या तळाशी जी शिल्लक उरते ती दुसऱ्या पानाच्या माथ्यावर लिहिली जाते आणि हिशेब अखंड चालू राहतो. आम्ही राहतो त्या वडपे गावाच्या परिसरात मुंबई-नाशिक महामार्गालगत गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. त्यांचा सारा कारभार याच सूत्रावर चालतो. या हंगामात न खपलेला माल पुढच्या हंगामात खपेल. पोते जेथे ठेवले तेथेच राहील. प्रश्न असा की, जो नियम गोदामाला लागू पडतो तोच समुद्रालाही लागू पडतो काय? एका हंगामात पकडायची राहिलेली मासळी पुढच्या हंगामाच्या खात्यात जमा धरता येते काय? गेल्या काही दशकांत जगातील अनेक सरकारांनी या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर दिले आहे. त्या उत्तराचा इतिहास मोठा उद्बोधक आहे आणि आपल्या कोळी बांधवांच्या चुलीशी त्याचा थेट संबंध आहे.

मासेमारीला आकड्यांची मर्यादा घालण्याची कल्पना तशी अलीकडची. २ डिसेंबर १९४६ रोजी वॉशिंग्टन येथे देवमाशांच्या शिकारीसंबंधी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या काळी दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रासाठी वर्षाला १६,००० ‘निळ्या देवमाशांचे एकक’ अशी मर्यादा ठरली होती. एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन देवमासे, किंवा सहा सेई देवमासे, असे ते गणित होते. परंतु ही मर्यादा सर्वांची मिळून एकच होती, कोणा एकाच्या वाट्याची नव्हती. परिणामी, आकडा संपण्यापूर्वी आपले भांडे भरून घेण्याची शर्यत लागली. शर्यत चालू राहिली आणि देवमासे संपत आले. अखेर १९८२ साली व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव करावा लागला.

या अनुभवातून शिकून काही देशांनी एकूण मर्यादेचे वाटे पाडले. न्यूझीलंडने १९८६ साली प्रत्येक धारकाला स्वतंत्र हिस्सा देण्याची पद्धत सुरू केली. वाटा निश्चित झाल्यावर धावण्याचे कारण उरत नाही, अशी त्यामागची धारणा होती. परंतु तेथे नवी अडचण उभी राहिली. वर्ष सरत आले, वाट्यातील थोडी मासळी पकडायची राहिली आणि नेमके तेव्हाच वादळ सुटले, तर नाखव्याने काय करावे? घरी बसावे तर हक्क बुडतो. निघावे तर जीव धोक्यात. म्हणून न वापरलेल्या वाट्याचा काही भाग पुढच्या वर्षी नेण्याची मुभा देण्यात आली. युरोपीय संघाने ६ मे १९९६ च्या नियमाने अनेक जातींच्या मासळीसाठी ही मुभा दहा टक्क्यांपर्यंत दिली. त्याच नियमात उलट बाजूही होती: जो देश वाट्यापेक्षा अधिक मासळी उचलील, त्याच्या पुढच्या वर्षाच्या हिश्श्यातून ती कापून घेतली जाईल. आपल्याकडे मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि ती नंतर मजुरीतून वळती होते, तसाच हा प्रकार.

येथवर ही व्यवस्था दयाळू आणि शहाणपणाची वाटते, आणि काही अंशी ती तशी आहेही. माणसाला वादळात लोटणारा कायदा चांगला कायदा नव्हे. परंतु पुढे काय घडले ते पाहू. ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने युरोपातील अन्नपदार्थांवर बंदी घातली. मॅकरेल आणि हेरिंग या मासळीची मोठी बाजारपेठ एका रात्रीत बंद झाली. तेव्हा अशा काही जातींसाठी दहा टक्क्यांची मुभा पंचवीस टक्क्यांवर नेण्यात आली. आता कारण वादळाचे राहिले नव्हते, बाजाराचे झाले होते. जणू समुद्र हे गोदाम आहे, गिऱ्हाईक येईपर्यंत माल तेथे राहू द्यावा.

त्याच सुमारास अमेरिकेत या प्रश्नाचा निवाडा न्यायालयात झाला. ईशान्य किनाऱ्यावरील कॉड मासळीची स्थिती खालावली होती. मेनच्या आखातातील कॉडची मर्यादा २०१३ साली सत्त्याहत्तर टक्क्यांनी कमी करून १,५५० टनांवर आणावी लागली. असे असताना आदल्या वर्षी न पकडलेल्या वाट्याचा भाग नव्या वर्षाच्या मर्यादेवर चढविण्याची परवानगी मच्छीमार गटांना मिळाली होती. पर्यावरण संस्थेने दाद मागितली. एप्रिल २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने ती परवानगी बेकायदा ठरविली. शास्त्रज्ञांनी जी कमाल सीमा सांगितली आहे, ती मागची शिल्लक धरूनही ओलांडता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. कागदावरील शिल्लक खरी असेल; पण पाण्यात ती नसेल, तर काय वाटणार? शेजारच्या कॅनडाने हा धडा आधीच फार मोठ्या किमतीला घेतला होता. शतकानुशतके कॉडवर जगलेल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर जुलै १९९२ मध्ये ती मासेमारीच बंद करावी लागली आणि हजारो कुटुंबांची रोजी गेली.

समुद्रातील शिल्लक पोत्यासारखी का राहत नाही, हे सांगायला मोठ्या शास्त्राची गरज नाही. न पकडलेला मासा वर्षभर आपली वाट पाहत थांबत नाही. त्याला दुसरा मासा खातो, तो रोगाने मरतो, दूर निघून जातो किंवा अंडी घालून शेकडोंचा पूर्वज होतो. कॉड वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. त्याच्या बाबतीत थोडी शिल्लक पुढे नेणे समजू शकते. परंतु आपल्या जवळ्याचे आयुष्य वर्षभराचेही नसते. यंदाचा जवळा पुढच्या वर्षीच्या खात्यात लिहिणे म्हणजे वाहून गेलेल्या ओहोळाच्या पाण्यावर पुढच्या उन्हाळ्याचे शिंपणे ठरविण्यासारखे आहे.

आमच्या पूर्वजांनी समुद्राला आकड्याची मर्यादा कधी घातली नाही. त्यांनी मर्यादा घातली ती जागेची आणि काळाची. वसई, उत्तन, अर्नाळा या पट्ट्यात डोळीचे जाळे लावण्याच्या ठरावीक जागांना ‘कव’ म्हणतात आणि त्यावरील हक्क गावाच्या संमतीने चालत आले. हे जाळे भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. उधाणात पाण्याला जोर असतो तेव्हा धंदा, भांगाच्या दिवसांत विसावा. ज्याचे उधाण हुकले त्याला ते भांगात भरून काढता येत नाही. तो पुढच्या उधाणाची वाट पाहतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात लोटायच्या, हा दंडक धर्माच्या भिंती ओलांडून पाळला गेला. पुढे १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाने राज्याच्या हाती अधिकार आले. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालण्यात आले. २०२३ साली सरंगा पापलेट राज्यमासा ठरला आणि त्याच वर्षी चोपन्न जातींच्या मासळीसाठी किमान आकारही ठरविण्यात आला.

आपल्याकडे मासळीचे वाटे नाहीत. म्हणून ‘शिल्लक पुढे नेणे’ हा प्रश्नही नाही, असे कोणी म्हणेल. परंतु तो प्रश्न दोनदा आपल्या दारी येऊन गेला आहे.

पहिला प्रसंग १९९१ चा. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यात असे कलम आहे की, किनाऱ्याच्या देशाला आपल्या हद्दीतील ठरलेली सारी मासळी पकडता येत नसेल, तर उरलेल्या शिल्लकीत इतर देशांना वाव द्यावा. खोल समुद्रात भारताची मासळी ‘पडून’ आहे, या विचाराने १९९१ च्या धोरणात परदेशी भागीदारीतील जहाजांना दार उघडण्यात आले. छोट्या मच्छीमारांनी त्याविरुद्ध देशभर लढा उभारला. रिडेम्प्टोरिस्ट संघाचे फादर थॉमस कोचेरी हे त्या लढ्याच्या अग्रभागी होते. १९९४ साली देशव्यापी बंद झाला, १९९५ मध्ये मुरारी समिती नेमली गेली आणि १९९६ मध्ये तिने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. शिल्लक कोणाची, हा प्रश्न तेव्हा गरिबांनी विचारला होता.

दुसरा प्रसंग २०२० चा. मार्चअखेर टाळेबंदी आली आणि भर हंगामात होड्या बंदरात अडकल्या. एप्रिलमध्ये मासेमारीला सूट मिळाली, पण बर्फ, खलाशी आणि बाजार यांचा मेळ बसेना. त्याआधीचे २०१९ हे वर्षही वाईट गेले होते: वादळांनी दिवस खाल्ले आणि महाराष्ट्राचे मत्स्योत्पादन सुमारे २.०१ लाख टनांवर, म्हणजे पंचेचाळीस वर्षांतील नीचांकावर आले. २५ मे २०२० रोजी केंद्र सरकारने बुडालेल्या दिवसांची भरपाई म्हणून पावसाळी बंदी एकसष्ट दिवसांऐवजी सत्तेचाळीस दिवसांची केली. राज्यांच्या हद्दीपलीकडील पश्चिमेच्या समुद्रात ती १ जूनऐवजी १५ जूनला सुरू व्हायची होती. बुडालेले चौदा दिवस असे जूनच्या पानावर लिहिले गेले. आणि ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ येऊन आदळले.

त्या निर्णयामागील करुणा आम्ही नाकारीत नाही. उपाशी घराला काही तरी द्यायलाच हवे होते. परंतु मार्चचा दिवस आणि जूनचा दिवस हे एका मोलाचे नाणे नव्हे. जून हा खवळलेल्या दर्याचा आणि अनेक जातींच्या विणीचा काळ. कॅलेंडरवर चौकोन सारखे असतात, समुद्रात नसतात.

पवित्र शास्त्र या बाबतीत मोठे मार्मिक आहे. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात अरण्यातील लोकांना रोजचा मान्ना मिळतो. ज्यांनी तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवला, त्यांच्या मान्नात किडे पडले. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा केलेला मान्ना मात्र शब्बाथाला चांगला राहिला. म्हणजे साठवण सर्वस्वी निषिद्ध नाही. विसाव्यासाठी केलेली साठवण टिकते, हावेपोटी केलेली नासते. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा कोठारात भरला तो दुष्काळासाठी. लूकच्या शुभवर्तमानातील धनवानाने कोठारे वाढविली ती केवळ स्वतःसाठी. कोठार तेच; हेतूने फरक पडला.

आमच्या माणसांना खरी शिल्लक पुढे नेण्याची रीत ठाऊक होती. तिचे नाव आगोटीची बेगमी. उन्हात वाळविलेले बोंबील, सुकट, सोडे पावसाळ्याआधी घरात भरून ठेवायचे, ही रीत भिवंडीसारख्या आतल्या भागातही पाळली जाते. पुढच्या पानावर जायची ती जमिनीवर आलेली, मोजलेली मासळी, पाण्यातली नव्हे. आजच्या भाषेत हेच काम पैशाने करता येते. बंदीच्या काळासाठी केंद्राच्या योजनेत मच्छीमाराचे १,५०० आणि शासनाचे ३,००० असे मिळून ४,५०० रुपये तीन महिन्यांसाठी ठरले आहेत. कल्पना योसेफाचीच आहे, पण महिन्याला १,५०० रुपयांत आज कोणाची चूल पेटते? वादळाने, साथीने किंवा बाजाराने दिवस बुडाले, तर त्याची भरपाई सरकारच्या तिजोरीतून आणि समाजाच्या ओंजळीतून व्हावी. माशांच्या विणीच्या दिवसांतून नव्हे. मच्छीमार सहकारी संस्थांनी, धर्मग्रामांनी आणि पतपेढ्यांनी चांगल्या हंगामात थोडे बाजूला काढून ठेवण्याचा असा निधी उभारावा, अशी आमची विनंती आहे.

तिबेरियाच्या काठावर शिष्यांच्या जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे आले आणि जाळे फाटले नाही, असे योहान लिहितो. मोजले गेले ते काठावर ओढलेले मासे. सरोवरात किती राहिले, याचा हिशेब कोणी मांडला नाही. ते पान परमेश्वराच्या हाती राहू दिले.