रग्बी : इन-गोलमधील डेड बॉल व पुनरारंभ

रग्बीत गोलरेषेमागच्या पट्ट्यात, म्हणजे इन-गोलमध्ये, चेंडू डेड (खेळाबाहेर) झाल्यावर खेळ कोठून, कोणी व कसा सुरू करायचा हे ठरविणारे नियम. वर्ल्ड रग्बीच्या नियमावलीत ते मुख्यतः नियम १२ (किक-ऑफ व पुनरारंभ), नियम १९ (स्क्रम) आणि नियम २१ (इन-गोल) यांत आले आहेत. पुढील विवेचन पंधरा खेळाडूंच्या रग्बीला धरून आहे.

क्षेत्र : इन-गोलची खोली ६ ते २२ मीटर असते. गोलरेषा इन-गोलमध्ये मोडते. मागची डेड-बॉल रेषा व बाजूच्या टच-इन-गोल रेषा मोडत नाहीत. त्यामुळे आक्रमकाने गोलरेषेवरच चेंडू टेकवला तरी ५ गुणांचा ट्राय होतो. डेड-बॉल रेषेला चेंडू नुसता लागला तरी तो डेड ठरतो.

निर्णयाचे सूत्र : चेंडू डेड कोणी केला, एवढ्यावरून पुनरारंभ ठरत नाही. तो इन-गोलमध्ये कोणामुळे गेला आणि कसा गेला, हे रेफरी आधी पाहतो. बचाव करणाऱ्या संघाने चेंडू स्वतःच मागे नेऊन टेकवला, तर गोलरेषेपासून ५ मीटरवर स्क्रम (दोन्ही संघांच्या फॉरवर्ड खेळाडूंची एकमेकांना भिडून चेंडूसाठी झुंज) होतो व चेंडू आत टाकण्याचा हक्क आक्रमकांना मिळतो. चेंडू आधी कोणी टेकवला याबद्दल शंका राहिली, तरीही हाच स्क्रम दिला जातो.

चेंडू आक्रमकांमुळे आत गेला असेल, तर पुढील भेद पडतात :

(१) आक्रमक चेंडूसह गोलरेषा ओलांडतो, पण बचावपटू त्याला तो टेकवू देत नाहीत (हेल्ड-अप). आक्रमकाकडून इन-गोलमध्येच नॉक-ऑन होतो (चेंडू हातातून पुढे सुटतो). किंवा चालू खेळात आक्रमकांनी मारलेली किक बचावपटू इन-गोलमध्ये टेकवतो : गोलरेषेवरून ड्रॉप-आउट (बचाव संघाची पुनरारंभाची किक).

(२) चालू खेळातील किक कोणालाही न लागता इन-गोल पार करून बाहेर जाते : बचाव संघ २२ मीटर ड्रॉप-आउट घेतो किंवा किक जेथून मारली तेथे स्क्रम मागतो. लांब व बेहिशेबी किकेला या पर्यायामुळे आळा बसतो.

(३) पेनल्टी किंवा ड्रॉप गोलचा प्रयत्न हुकतो आणि चेंडू बाहेर जातो किंवा बचावपटू तो टेकवतो : २२ मीटर ड्रॉप-आउट; स्क्रमचा पर्याय नाही.

(४) किक-ऑफचा चेंडू कोणालाही न लागता इन-गोलमध्ये जातो व प्रतिस्पर्धी तो लगेच टेकवतात, किंवा तो डेड होतो : प्रतिस्पर्ध्यांना किक पुन्हा मारायला लावण्याचा किंवा मध्यरेषेच्या मध्यावर स्क्रम घेण्याचा पर्याय. ‘लगेच’ या अटीला महत्त्व आहे. चेंडू घेऊन पळायचा प्रयत्न केल्यावर हा पर्याय उरत नाही.

दोन्ही ड्रॉप-आउट ड्रॉप-किकनेच (चेंडू जमिनीवर टाकून तो उसळताच मारलेल्या किकने) घेतात. गोलरेषेवरून मारलेला चेंडू किमान ५ मीटर जावा लागतो.

नियमबदल : पूर्वी हेल्ड-अप झाल्यावर आक्रमकांना ५ मीटर स्क्रम मिळे. त्यामुळे गोलरेषेजवळ फॉरवर्ड खेळाडूंनी पुन्हा पुन्हा धडका मारण्यात फारसा तोटा नव्हता. ऑगस्ट २०२१ पासून जगभर गोलरेषा ड्रॉप-आउटचा प्रयोग झाला आणि २०२२ मध्ये तो नियम कायम करण्यात आला. आता हुकलेल्या धडकेनंतर चेंडू दूर मारण्याची संधी बचावाला मिळते. त्या बदल्यात आक्रमकांना बहुधा मोकळ्या मैदानात चेंडू हाती येतो.

महाराष्ट्रातील संदर्भ : १८७५ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना हे राज्यातील रग्बीचे जुने केंद्र. अभिनेते राहुल बोस भारताकडून रग्बी खेळले व पुढे रग्बी इंडियाचे अध्यक्ष झाले. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. ही लीग सात खेळाडूंच्या (सेव्हन्स) प्रकारातील असल्याने तिचे सामने पाहताना दोन फरक ध्यानात घ्यावे लागतात. सेव्हन्समध्ये गुण मिळवणारा संघच पुढची किक मारतो. आणि ती किक इन-गोलमध्ये जाऊन डेड झाली, तर स्क्रमऐवजी मध्यरेषेच्या मध्यावर प्रतिस्पर्ध्यांना फ्री-किक मिळते.