राजूर घाटातील एक लिटर

मलकापूरहून बुलढाण्याला माल घेऊन जाणारी पिकअप राजूर घाटाच्या पायथ्याशी आली की चालक खालचा गिअर टाकतो आणि म्हणतो, "इथं ॲव्हरेज कमी होतं." किती कमी होते, हे आपल्याला शाळेतल्या सूत्राने काढता येईल.

मलकापूर पूर्णेच्या खोऱ्यात आहे, तर बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर. दोहोंच्या उंचीत सुमारे ४०० मीटरचा फरक आहे. मालासह गाडीचे वस्तुमान २५०० किलोग्रॅम धरू. ती वर नेण्यासाठी २५०० × ९.८ × ४००, म्हणजे ९८ लाख ज्यूल ऊर्जा हवी. एक लिटर डिझेलच्या ज्वलनातून साधारण ३ कोटी ६० लाख ज्यूल मिळतात. पण त्यांतील पाव हिश्शाहून थोडा अधिक भागच चाकांपर्यंत पोचतो, बाकीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. म्हणजे नुसत्या चढणीसाठी जवळजवळ एक लिटर डिझेल लागते. उंची चढण्याची ऊर्जा कोणालाच चुकवता येत नाही. ती किती इंधनातून मिळते, हे मात्र इंजिनावर ठरते. ॲव्हरेजचा इतिहास हा या फरकाचा इतिहास आहे.

कमी ऊर्जेत जास्त माल नेण्याची धडपड या जिल्ह्याला नवी नाही. खामगावच्या बाजारातला कापूस बैलगाड्यांतून येई. १८७० मध्ये जलंब–खामगाव रेल्वे सुरू झाली. पोलादी रुळावरचे पोलादी चाक फारसे दबत नाही. त्यामुळे एक टन माल ओढण्यास जे बळ लागते, ते डांबरी रस्त्यावरच्या रबरी चाकाच्या तुलनेत पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकेच असते. धुळीच्या रस्त्यावरील बैलगाडीशी तर तुलनाच नको. पण रूळ गावोगाव जात नाहीत. तिथे मोटारच हवी.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र आणि महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. या जीपचे पेट्रोल इंजिन युद्धकाळातले होते. ते दणकट होते, पण आत घेतलेले मिश्रण ते जेमतेम साडेसहाव्या हिश्शापर्यंत दाबत असे. मिश्रण जितके अधिक दाबावे, तितकी ज्वलनाच्या उष्णतेतून कार्याकडे जाणारी ऊर्जा वाढते. अशा इंजिनाची कार्यक्षमता वीस टक्क्यांच्या आतबाहेर धरली, तर आपला घाट चढायला दीड लिटरहून अधिक पेट्रोल लागेल.

रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथील चाचणीत सुमारे २६ टक्के कार्यक्षमता दाखवली होती. आजच्या डिझेल इंजिनांत हवा पंधराव्या-विसाव्या हिश्शाइतकी दाबली जाते. ती इतकी तापते की डिझेलचा फवारा ठिणगीवाचून पेट घेतो. शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक अष्टमांश ऊर्जा जास्त असते. ॲव्हरेजची तुलना करताना हा आयता फायदा विसरू नये.

मग मोटारींत हा बदल व्हायला इतका वेळ का लागला? पेट्रोल स्वस्त होते, हे एक कारण. ऑक्टोबर १९७३ नंतर अवघ्या काही महिन्यांत खनिज तेलाचा पिंपाचा भाव ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या जवळ गेला. नोव्हेंबरमध्ये अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले. १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था स्थापन झाली. १९७९ मध्ये महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार केला आणि पुढे सुमारे २.१ लिटर क्षमतेची डिझेल इंजिने इगतपुरीला बनू लागली. पेट्रोलपेक्षा डिझेल स्वस्त ठेवण्याचे सरकारी धोरणही या बदलामागे होते. डिझेलच्या दरावरचे नियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्ये उठले.

इंजिनाने वाचवलेले इंधन वेग मात्र खाऊन टाकतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने गेल्यास तो १६/९ पट, म्हणजे पावणेदोन पटींहून जास्त होतो. मेहकर, सिंदखेडराजावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तिथे चढ सौम्य आहेत, पण वेगाचा मोह मोठा आहे.

आता परतीचा प्रवास. घाट उतरताना डिझेल वाचावे म्हणून काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, कोणी इंजिनच बंद करतात. हा हिशेब चुकीचा आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर चाकेच इंजिन फिरवतात आणि डिझेलचा पुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतः चालू राहण्यासाठी डिझेल जाळत राहते. आणि इंजिन बंद केले तर ब्रेकला जोर देणारा निर्वात पंपही थांबतो; दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखे घट्ट होते. चढताना साठवलेले ९८ लाख ज्यूल उतरताना गाडीतच असतात. ते सावकाश बाहेर काढण्याचे अर्धे काम गिअरमधले इंजिन करते. ते काढून घेतले, तर सारा भार तापलेल्या ब्रेकवर पडतो.

वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी पिकअप असेलच. टाकी काठोकाठ भरून किलोमीटर नोंदवावेत, पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर बसले ते पाहावे, आणि चढाची व उताराची खेप वेगवेगळी मोजावी. आकडे फळ्यावर मांडताना न्यूट्रलची गोष्टही जरूर सांगावी. ती त्या मुलामार्फत घरी पोचेल.